१९६३च्या एमजीबीला ऑइल कूलर बसवताना

एप्रिलमधल्या एका दुपारी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या माथ्यावर गाडी बाजूला घेतली, तेव्हा इंजिन आयडलिंगला होते आणि तेलाच्या दाबाचा काटा दहा पौंडांच्याही जरा खाली थरथरत होता. पाण्याच्या तापमानाचा काटा मात्र आपल्या नेहमीच्या जागेवरून हललेला नव्हता. ट्रकांच्या रांगेमागे दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढल्यावर इंजिन तापणार हे उघडच होते. पण रेडिएटर आपले काम चोख करत असताना तेल मात्र पातळ होऊन दाब सोडते आहे, हे इतक्या स्पष्टपणे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

ही एमजीबी, म्हणजे दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, माझ्या मामांची. इंग्लंडमधली नोकरी संपवून परतताना त्यांनी ती जहाजाने मुंबईला आणली आणि त्यांच्या पश्चात ती आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या घरी आली. एमजीबीचे उत्पादन अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ साली सुरू झाले आणि १९८० साली संपले. इंजिन शेवटपर्यंत १७९८ सीसीचेच राहिले, मात्र १९६४च्या अखेरीस क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, तीनऐवजी पाच मेन बेअरिंग देण्यात आले. आमची गाडी १९६३ची, म्हणजे तीन बेअरिंगची. त्या काळात इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकाला ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचे तेल थंड करणारा छोटा रेडिएटर, जादा पैसे मोजून घ्यावा लागे, आणि तिथल्या हवेत त्याची गरज काय, असा विचार करून मामांनी तो घेतला नसावा. वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे गरम इंजिनात चालत्या गाडीला दाब दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलिंगला १० ते २५ पौंड असायला हवा. खंबाटकीच्या माथ्यावर आम्ही त्या हद्दीबाहेर गेलो होतो.

आमचे मिस्त्री नाना पेठेतले. त्यांची उमेदीची वर्षे अ‍ॅम्बॅसेडर दुरुस्त करण्यात गेलेली. अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे इंजिन ही एकाच बी-सिरीज घराण्यातली भावंडे, त्यामुळे पुण्यात ही गाडी सांभाळणे ऐकणाऱ्याला वाटते तितके अवघड नाही. मिस्त्रींनी पहिल्यांदा बॉनेट उघडले तेव्हाच ते म्हणाले होते, "साहेब, ही आपली अ‍ॅम्बॅसेडरच आहे, फक्त तालमीत जाऊन आलेली." कूलरचा विषय काढल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळालेल्या अ‍ॅम्बॅसेडरला कुणी कधी कूलर लावला नाही, मग हिलाच काय झाले आहे, असा त्यांचा सवाल होता. दाब पडतो तो बेअरिंग झिजल्यामुळेही पडतो आणि तसे असेल तर कूलर बसवणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला नुसता पंखा लावणे, हे त्यांचे म्हणणे मला पटले. म्हणून आधी मोजायचे ठरले.

मोजणे हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग ठरला. सुरुवातीला मी लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखाली तेल साठते त्या भागाच्या, पत्र्यावर रोखून आकडे घेतले. पण पत्र्याला खालून वारा लागतो, त्यामुळे तो आतल्या तेलापेक्षा बराच थंड असतो. मग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि त्याचा छोटा डिजिटल मीटर आणला. स्टीलच्या बारीक नळीतला तो थर्मोकपल ऑइल पट्टीच्या जागी आत सोडला. त्याची लांबी ऑइल पट्टीवरून मोजून अशी बेतली की टोक तेलात बुडेल, पण चेंबरच्या तळाला टेकणार नाही आणि फिरत्या क्रँकच्या वाटेत तर मुळीच येणार नाही. भोकाच्या तोंडाशी रबराचा बूच बसवला आणि वायर खिडकीतून आत घेतली. मुलगी शेजारच्या सीटवर वही घेऊन बसली आणि दर दोन मिनिटांनी हवेचे, पाण्याचे, तेलाचे तापमान व दाब असे चार आकडे लिहीत गेली.

रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर, ताशी सत्तरच्या वेगाने, हवा २७ अंश सेल्सिअस असताना तेल ९४ अंशांवर स्थिरावले. त्याच दिवशी दुपारी हवा ३८ अंशांवर गेल्यावर दिवे घाट चढताना ते ११३ अंशांना पोहोचले. पुढच्या आठवड्यात खंबाटकीला ट्रकांच्या मागे, "बाबा, एकशे बावीस," असे मुलीने सांगितले, तेव्हा मी ती वही पुन्हा मागून पाहिली. त्याच आठवड्यात मिस्त्रींनी चेंबर उतरवून मेन आणि बिग एंडची बेअरिंग तपासली. ती मापात होती. जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंगही योग्य लांबीची निघाली. म्हणजे दोष झिजेचा नव्हता, उष्णतेचाच होता, आणि मिस्त्रींनी आपली हरकत मागे घेतली.

१२२ हा आकडा का खटकावा, हे थोडे सांगितले पाहिजे. मी या इंजिनात २०डब्ल्यू-५० तेल वापरतो. पन्नास नंबरच्या तेलाची दाटी १०० अंशांना १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या पट्ट्यात असावी लागते. १२० अंशांना तेच तेल साधारणपणे १०० अंशांच्या तीस नंबरच्या तेलाइतके पातळ होते, आणि बेअरिंगच्या मोकळ्या जागेतून अशा पातळ तेलाची वाट सोपी होत असल्यामुळे दाब उतरतो. शिवाय तेल जितके जास्त तापते तितके त्याचे ऑक्सिडेशन वेगाने होते. दर दहा अंशांना आयुष्य निम्मे, असा एक ढोबळ हिशेब अभियंते करतात. मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. थंड तेल हे चांगले तेल नव्हे. इंजिन सुरू होताना आत साचणारी वाफ आणि रिंगांवरून चेंबरमध्ये उतरलेले पेट्रोल उडून जायला तेल तापावेच लागते. ते सतत साठ-सत्तर अंशांवर राहिले तर दाट, मळकट आणि पाणीमिश्रित होते. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी, कर्वेनगरहून डेक्कनपर्यंतच्या फेरीत, उघडा कूलर इंजिनाचे नुकसानच करील. म्हणून मला नुसता कूलर नको होता. थर्मोस्टॅटसह, म्हणजे तेल तापल्यावरच कूलरची वाट उघडणाऱ्या झडपेसह, कूलर हवा होता.

या इंजिनात कूलर बसवणे रचनेच्या दृष्टीने सोपे आहे, आणि ते सोपे असण्याचे कारणच त्यातला धोकाही आहे. पंप चेंबरमधून तेल उचलतो, ते ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, आतून फिरून उजव्या बाजूला मागच्या टोकाशी बाहेर पडते, तिथून एका बाहेरच्या नळीने फिल्टरच्या डोक्याशी येते आणि फिल्टरमधून गाळून निघाल्यावर मुख्य वाहिनीतून बेअरिंगकडे जाते. म्हणजे कंपनीनेच तेल एकदा ब्लॉकच्या बाहेर काढलेले आहे. ती आखूड नळी काढून तिच्या जागी दोन लांब होज आणि मध्ये कूलर जोडायचा, एवढेच काम. पण या वाटेने इंजिनाचे सगळेच तेल जाते, त्यातला काही भाग नव्हे. यातली एक होज फुटली किंवा एक जोड सुटला, तर काही सेकंदांत तेल रस्त्यावर आणि बेअरिंग कोरडी. म्हणूनच या कामात कूलरपेक्षा त्याच्या जोडांवर माझा जास्त वेळ गेला.

पहिला कूलर मी बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पाहिला. कुठल्याशा डिझेल यंत्रावरचा, पितळी जोडांचा, दिसायला देखणा आणि किंमत मामुली. मिस्त्रींनी तो हातात घेतला, हलवला, कानाला लावला आणि परत ठेवला. ज्या इंजिनावरून तो उतरवला ते का बंद पडले, हे विकणाऱ्याला माहीत नव्हते. बेअरिंग गेलेल्या इंजिनाच्या कूलरमध्ये धातूचा कीस अडकलेला असतो, आणि त्या चपट्या नळ्यांतून तो रॉकेलने, डिझेलने किंवा हवेच्या झोताने पूर्ण निघाला अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. हा कीस फिल्टरच्या आधी असला तरी तो सुटून येणार हे मनात ठेवून गाडी चालवण्यापेक्षा नवा कूलर घेणे मला बरे वाटले. एमजीबीला मूळचा शोभेल असा तेरा नळ्यांचा, अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाच्या) आट्यांचा कूलर परदेशातून मागवला. याहून मोठा घेण्याचा मोह होता, पण ग्रिलमागच्या जागेत तो रेडिएटरचा जादा भाग झाकणार होता.

होजसाठी भोसरीला गेलो. पुण्यात राहण्याचा हा एक मोठा फायदा आहे: एमआयडीसीत हायड्रॉलिक पाइप बनवणाऱ्यांची वानवा नाही आणि बीएसपी आटे तर त्यांच्या रोजच्या वापरातले. दुकानात सगळ्यांनी आधी दाबाचाच विचार केला. एका पदराच्या तारेची अर्धा इंची साधी हायड्रॉलिक होज १६० बारपर्यंत चालते, आमच्या इंजिनाचा ८० पौंड दाब म्हणजे जेमतेम साडेपाच बार, तेव्हा चिंता कशाची, असा त्यांचा सूर होता. चिंता तापमानाची होती. त्या होजची शिफारस १०० अंशांपर्यंतच असते आणि माझ्या वहीत १२२ लिहिलेले होते. शेवटी आतून टेफ्लॉन आणि वरून स्टेनलेस तारेची जाळी असलेली होज घेतली, जी दोनशे अंशांपर्यंत टिकते. तिचेही दोन हट्ट आहेत. एक म्हणजे ती रबरी होजसारखी वळत नाही. जबरदस्तीने वळवली तर मुरगळते आणि मुरगळली की ती जागा कायमची कमजोर होते, म्हणून मार्ग आधी जाड तारेने आखून, त्या तारेवरून लांबी घ्यावी लागली. दुसरे म्हणजे तिची जाळी कानशीसारखी चालते. जिथे घासते तिथला पत्रा, वायर किंवा दुसरी नळी ती निमूटपणे कापत राहते. त्यावर उपाय म्हणून पूर्ण लांबीला रबरी आवरण चढवले.

आणि तरीही चूक झालीच. होज तयार होऊन घरी आल्यावर कूलरच्या जोडावर नट हाताने फिरवून पाहिला, तो शेवटपर्यंत सरसर गेला. इतका सहज गेला की मला संशय आला. हाताने हलवला तर नट जोडावर किंचित डोलत होता. आटे मोजायच्या गेजने पाहिले तर दोन्हीकडे इंचाला चौदाच आटे दिसत होते, त्यामुळे अर्धा तास मी कारण शोधत बसलो. शेवटी व्हर्निअरने उकल झाली. अर्धा इंची बीएसपी आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर असतो आणि त्याचा कोन ५५ अंशांचा. दुकानातून चुकून लागलेला नट सात-अष्टमांश इंची यूएनएफ (अमेरिकन मापाच्या) आट्यांचा होता, ज्याचा व्यास २२.२ मिलिमीटर आणि कोन ६० अंशांचा. इंचातल्या आट्यांची संख्या सारखी असल्यामुळे तो चढतो, पण आट्यांची नुसती टोके एकमेकांत अडकतात. आतले शंकूही वेगळे: एकाचा कोन ६० अंशांचा, दुसऱ्याचा ७४. पान्याने आवळला असता तर कदाचित तो बसलाही असता आणि घाटात दाबाखाली सुटला असता. दुकानदाराने कुरकुर न करता दोन दिवसांत योग्य नट लावून दिले आणि माझ्या आग्रहाखातर दोन्ही होज हातपंपावर २० बारला दहा मिनिटे धरून दाखवल्या. तेव्हापासून "बसतंय" हा शब्द कुणी उच्चारला की मी व्हर्निअर काढतो.

थर्मोस्टॅट चार तोंडांचा, होजच्या मधोमध बसणारा घेतला, कारण फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये चकतीसारखा बसणारा प्रकार आमच्या जुन्या डब्याच्या फिल्टरला चालत नाही. तेल थंड असताना तो बहुतेक तेल कूलरला वळसा घालून परत फिल्टरकडे पाठवतो, थोडेसे मात्र कूलरमधून जाऊ देतो, म्हणजे तो उघडल्यावर थंडगार तेलाचा लोंढा एकदम इंजिनात येत नाही. ८० अंशांच्या आसपास तो उघडू लागतो. त्याच्यामुळे जोडांची संख्या चारावरून आठावर गेली, हे मला आवडले नाही. पण थंडीतल्या सकाळी आठवून ते स्वीकारले.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम दोन रविवार चालले. आधी सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे जोड काढले, मग ग्रिल. रेडिएटरपुढच्या आडव्या पत्र्यावर कूलर तोंडे वर करून उभा केला, म्हणजे गाडी उभी असताना त्यातले तेल उतरून जात नाही आणि आत हवा कोंडत नाही. पायांखाली रबरी बुशा घातल्या. कूलर चौकटीला घट्ट जखडला तर इंजिनाची आणि रस्त्याची थरथर त्याच्या पातळ पत्र्याला चिरा पाडते. रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यात होजसाठी दोन भोके रंगाखाली बुजलेली सापडली. ती मोकळी करून त्यांच्या कडांवर जाड ग्रोमेट (रबरी कड्या) बसवले. ब्लॉकच्या मागच्या टोकाची जुनी नळी मात्र साठ वर्षांत जणू तिथेच उगवली होती. मिस्त्रींनी दोन दिवस त्यावर गंज सोडवणारे तेल सोडत ठेवले आणि मगच पाना लावला. आवळताना प्रत्येक जोडाला दोन पाने लागतात, एक नट फिरवायला आणि दुसरा कूलरचे तोंड धरून ठेवायला. एकाच पान्याने जोर लावला तर ते तोंडच पिळवटून निघते.

फिल्टर बदलताना या गाड्यांची ठरलेली खोड समोर आली. डबा खाली उतरतो, पण त्याची रबरी रिंग वर डोक्यातल्या खाचेत तशीच चिकटून राहते. ती न काढता त्यावर नवी बसवली तर दोन रिंगांवर डबा बसतो, सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि दाब वाढला की तेल फवारते. दाभणाने टोचून जुनी रिंग काढली, तर तिच्या वर आणखी एक निघाली. ती कुणाच्या काळातली, कोण जाणे.

कोरडा कूलर आणि कोरड्या होज जोडून थेट इंजिन सुरू करणे म्हणजे बेअरिंगना काही सेकंद तेलाविना फिरवणे. म्हणून कूलर आणि होज आधी तेलाने भरल्या, चारही प्लग काढले, कॉइलची वायर सोडली आणि दहा-दहा सेकंदांचे सेल्फ मारले. प्लग काढल्यामुळे कॉम्प्रेशन नसते आणि बेअरिंगवर भार येत नाही. चौथ्या खेपेला काटा हलला आणि ४० पौंडांवर गेला. मगच प्लग लावून इंजिन सुरू केले. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून, बंद करून, पाच मिनिटांनी ऑइल पट्टी पाहिली आणि उणे भरून काढले. एरवी सव्वाचार लिटर घेणारे इंजिन आता जवळजवळ पावणेपाच लिटर घेते. एका जोडाशी रात्रभरात तेलाचा एक थेंब जमला. वर्तमानपत्र अंथरून ठेवले होते म्हणून तो दिसला. सोडून, पुसून, पुन्हा आवळल्यावर थांबला.

मग तोच मीटर, तीच वही, तोच खंबाटकी घाट. हवा ३७ अंश असताना आणि पुढे तशीच ट्रकांची रांग असताना माथ्यावर तेल १०४ अंशांना होते आणि आयडलिंगला दाब १७ पौंड. दिवे घाटात ते ९७च्या वर गेले नाही. सपाट रस्त्यावर सकाळच्या वेळी ते ८६ ते ८८ अंशांवर राहते, म्हणजे थर्मोस्टॅट काम करतो आहे. डिसेंबरमध्ये, हवा ११ अंश असताना, तेल ८० अंशांना पोहोचायला पूर्वीइतकाच वेळ लागला, आणि मला याचा आनंद घाटातल्या आकड्यांपेक्षा जास्त झाला.

फुकट मात्र काहीच नसते. तेलातून काढलेली उष्णता कूलर ज्या हवेत सोडतो, तीच हवा पुढे रेडिएटरमधून जाते. पूर्वी १८५ फॅरनहाइटवर थांबणारा पाण्याचा काटा आता घाटात १९५ दाखवतो, आणि सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीत अडकल्यावर, जिथे ग्रिलमधून वाराच येत नाही, तिथे कूलरचा फारसा उपयोग होत नाही. मिस्त्रींनी काटा पाहिला आणि रेडिएटरला बोट लावून म्हणाले, "साहेब, आता याचा नंबर." नळ्यांमध्ये साठ वर्षांचा क्षार आहेच. मागच्या मंगळवारी रेडिएटर उतरवून कोर बदलायला दिला. गाडी सध्या पार्किंगमध्ये ग्रिल काढून उभी आहे आणि नवा कूलर तिच्या तोंडात एकटाच चमकतो आहे.